चुकीच्या इंग्रजी वाक्यामागचं बरोबर मराठी वाक्य

सातवीच्या निबंधाच्या वहीतलं हे वाक्य घ्या : ‘माय फादर आर ड्रायव्हर इन बेस्ट सिन्स टेन इयर्स. दे वेक अप ॲट फोर.’ आपली नेहमीची पद्धत म्हणजे लाल पेनने चार गोल, समासात ‘ग्रामर!’ असा शेरा आणि पुढची वही. मुलगा गोल मोजतो, वही मिटतो आणि पुढच्या निबंधात तेच लिहितो. मी परळच्या बाजूला मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवत आले आहे. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना माझं पहिलं सांगणं असतं, की गोल करायच्या आधी त्या वाक्यामागचं मराठी वाक्य फळ्यावर लिहा. इथे ते असं आहे : ‘माझे वडील दहा वर्षांपासून बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत. ते चारला उठतात.’ याच्यात खोट काढून दाखवा. मुलाने मराठीचे सगळे नियम नीट पाळलेत, फक्त शब्द इंग्रजी आहेत.

चार गोलांची कारणं मात्र वेगवेगळी आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय शिकवणं सुरूच होत नाही.

‘आर’ आणि ‘दे’ या दोन्हींचं मूळ एकच, आदरार्थी बहुवचन. घरात ‘बाबा आला’ म्हणणारी मुलं आहेतच, पण निबंधात वडील ‘आले’च लिहायचे हे आपणच मराठीच्या तासाला शिकवतो. मग इंग्रजीच्या तासाला तेच मूल ‘माय फादर इज’ लिहिताना अडखळलं तर नवल काय? त्याला सरळ सांगा, की इंग्रजीत मान क्रियापदात किंवा सर्वनामात ठेवलेला नसतो. तो ‘सर’, ‘मिस्टर’, ‘प्लीज’, ‘कुड यू’ अशा ठिकाणी असतो. मुलांना आवडणारी एक गोष्टही सांगता येते. जुन्या इंग्रजीत एका माणसाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘यी’ किंवा ‘यू’ म्हणत. पुढे मोठ्या माणसाला मान द्यायला एकट्यालाही ‘यू’ म्हणायची रीत पडली, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखी, आणि हळूहळू ‘दाऊ’ बोलण्यातून गेलं. समोर एकच मुलगा उभा असला तरी ‘यू आर’ म्हणायचं, ‘यू इज’ नाही, ते त्यामुळे. ‘यू’ला ‘आर’ का, हा प्रश्न पाचवीतली हुशार पोरं विचारतातच. ‘तसंच असतं’ हे त्याचं उत्तर नव्हे.

‘सिन्स टेन इयर्स’चं मूळ ‘पासून’मध्ये आहे. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. पहिल्यात सुरुवातीचा क्षण आहे, दुसऱ्यात काळाची लांबी. इंग्रजीने दोघांना दोन शब्द दिले, सिन्स आणि फॉर. नियम पाठ करून घेण्यापेक्षा मुलांच्या हाती मराठीतली चाचणी द्या : ‘पासून’ काढा आणि ‘झाला, झाली, झालं’ लावून बघा. ‘दहा वर्षं झाली’ चालतं, म्हणून फॉर. ‘सोमवार झाला’, ‘२०१४ झालं’ हे त्या अर्थाने चालत नाही, म्हणून सिन्स. ही चाचणी सहावीतली मुलं पटकन उचलतात. त्याच वाक्यात दुसरी अडचण दडलेली असते. मराठीत ‘आहेत’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला मात्र तेव्हा सुरू झालेलं अजून चालू आहे हे क्रियापदातही दाखवावं लागतं, म्हणून ‘हॅज बीन’. सिन्स आणि हॅज बीन एकाच दिवशी शिकवू नका. आधी शब्द बसू दे.

राहिला ‘ड्रायव्हर’च्या आधीचा गाळलेला ‘अ’. आर्टिकल्स (अ, ॲन, द) मराठीत नाहीत, एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण आर्टिकल जे काम करतं ते काम मराठीतही होतं, वेगळ्या ठिकाणी. ‘मी डॉक्टर शोधतोय’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधतोय’ यांत फरक काय? पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल, दुसऱ्यात ठरलेले डॉक्टर आहेत आणि ते केबिनमध्ये नाहीत. पहिलं ‘अ डॉक्टर’, दुसरं ‘द डॉक्टर’. प्लॅटफॉर्मवर उभं राहून कोणी ‘गाडी आली’ म्हटलं तर ती आपण वाट बघत होतो ती गाडी, म्हणजे ‘द ट्रेन’. ‘एक गाडी आली, पण ती विरारची होती’ यातली ‘अ ट्रेन’. ऐकणाऱ्याला कोणती ते माहीत आहे का, एवढाच प्रश्न मुलांना विचारायची सवय लावा. ‘पर्टिक्युलर’ आणि ‘जनरल’ हे शब्द पुस्तकात आहेत, पण त्यांनी आजवर एकाही मुलाचं भलं केलेलं मी पाहिलेलं नाही.

‘अ’ की ‘ॲन’ हा मात्र निव्वळ उच्चाराचा मामला आहे, आणि इथे देवनागरी आपल्या बाजूने आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. अवर (तास) : ॲन. युनिव्हर्सिटी ‘य’ने सुरू होते : अ. एमएलए : ॲन. बीएमसी स्कूल : अ. एसएससीचा निकाल : ॲन. इंग्रजी स्पेलिंगकडे बघून हा नियम शिकवणाऱ्यांना दर वर्षी अपवादांची यादी द्यावी लागते. देवनागरीतून शिकवलं तर यादी लागत नाही.

‘मला’ची एक मोठी तासिका

कर्ता म्हणजे क्रिया करणारा, ही व्याख्या मुलांना इंग्रजीत फार फसवते. ‘मला भूक लागली’ यात मी करतो काय? काहीच नाही, भूक येऊन मला लागते. राग, आठवण, ताप, झोप, आवड हे सगळं मराठीत माणसाकडे चालत येतं आणि माणूस ‘ला’ लावून बसलेला असतो. भाषाशास्त्रात अशा माणसाला अनुभव घेणारा म्हणतात, करणारा नव्हे. इंग्रजी त्यालाच उचलून वाक्याच्या पहिल्या जागी बसवते आणि कर्ता करून टाकते.

फळ्यावर डावीकडे ही वाक्यं एकाखाली एक लिहा : मला भूक लागली. मला एक बहीण आहे. मला पोहता येतं. मला जायचंय. मला वडापाव आवडतो. मला आठवतंय. मग मुलांकडून उजवी बाजू काढून घ्या : आय ॲम हंग्री, आय हॅव अ सिस्टर, आय कॅन स्विम, आय वॉन्ट टु गो, आय लाइक वडापाव, आय रिमेंबर. डावीकडे एकच ‘मला’, उजवीकडे सहा तऱ्हेची क्रियापदं, पण सुरुवातीला प्रत्येक वेळी ‘आय’. ‘टु मी वन सिस्टर’ लिहिणाऱ्या मुलाला हा तक्ता दिसला की त्याचं त्यालाच कळतं. शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. ‘आठवतंय’ चालू वर्तमानकाळात आहे, म्हणून मूल ‘आय ॲम रिमेंबरिंग’ लिहितं. माहीत असणं, आवडणं, हवं असणं, जवळ असणं या स्थिती आहेत, घडणाऱ्या क्रिया नाहीत, आणि त्यांना इंग्रजी सहसा ‘आयएनजी’ लावत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ मुंबईतली मोठी माणसंही बिनदिक्कत म्हणतात. तुमच्या स्टाफरूममध्ये कान देऊन बघा.

आता शिक्षकांसाठीच एक महत्त्वाची गोष्ट, कारण हा गोंधळ मुलांचा नाही, आपला आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’. क्रियापद रामाशी नाही, आंब्याशी आणि पोळीशी जुळतं. हा कर्मणी प्रयोग. आणि मग नववीत व्हॉइस शिकवताना कोणीतरी सांगतं, की पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे आपला कर्मणी प्रयोग. मूल विचार करतं : ‘ने’ म्हणजे बाय, आंबा खाल्ला म्हणजे पॅसिव्ह. पुढे सगळं विस्कटतं. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे इंग्रजीत सरळ ‘राम एट द मँगो’, ॲक्टिव्ह. भूतकाळात सकर्मक क्रियापदाने कर्त्याला सोडून कर्माशी जुळणं याला भाषाशास्त्रात एर्गेटिव्ह रचना म्हणतात. हिंदीत ती आहे, गुजरातीत आहे, इंग्रजीत नाही. पॅसिव्हच्या जवळचं मराठी वाक्य हवं असेल तर ‘रामाकडून रावण मारला गेला’ हे घ्या. आपल्याच व्याकरणात त्याला नवीन कर्मणी असं नाव आहे.

त्याहून सोपं साहित्य रोजच्या पेपरात छापून येतं. ‘रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक घेण्यात येणार आहे.’ ‘काही लोकल रद्द करण्यात आल्या आहेत.’ कोण घेणार, कोणी रद्द केल्या, हे वाक्यात नाही आणि लिहिणाऱ्याला ते सांगायचंही नाही. पॅसिव्ह व्हॉइस असतोच कशासाठी, तर यासाठी. ‘करण्यात आले’ दिसलं की इंग्रजीत ‘वॉज’ किंवा ‘हॅज बीन’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘अ लेटर इज रिटन बाय मी’ असली कोणी कधीच न बोलणारी वाक्यं फिरवून घेण्यापेक्षा मेगाब्लॉकची बातमी इंग्रजीत लिहायला द्या.

दादरला

विभक्तीचे प्रत्यय आणि प्रीपोझिशन्स यांची जोडपट्टी पाठ करून घेऊ नका. ती खोटी असते. आपण दादरला जातो, दादरला राहतो आणि दादरला उतरतो. इंग्रजीत गो टु दादर, लिव्ह इन दादर, गेट ऑफ ॲट दादर. ‘ला’ एकच, पण जाताना दादर हे टोक आहे, राहताना ती आपल्याला सामावणारी जागा आहे, उतरताना तो रुळावरचा एक बिंदू आहे. मुलांकडून नकाशावर बाण, चौकोन आणि ठिपका काढून घेतला की टु, इन, ॲट डोळ्यांसमोर राहतात. वेळेचंही असंच : चारला म्हणजे ॲट फोर, सोमवारी म्हणजे ऑन मंडे, मे महिन्यात म्हणजे इन मे. बाकीच्या चुका मागे मराठी वाक्य ठेवून पटापट सुटतात. ‘विषयी चर्चा’ म्हणून डिस्कस अबाउट, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून मॅरीड विथ, ‘त्याला सांगितलं’ म्हणून टोल्ड टु हिम. अशा शब्दांची वेगळी वही मुलांनीच ठेवावी.

‘आहे’ गाळण्याबद्दल एक टीप. ‘तो माझा भाऊ’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, त्यामुळे ‘ही माय ब्रदर’ सर्रास येतं. लोकलमधली घोषणाही मदतीला येत नाही. ‘पुढील स्टेशन दादर’, ‘नेक्स्ट स्टेशन दादर’. दोन्हींत क्रियापद नाही. मुलांना विचारा, ही घोषणा वहीत पूर्ण वाक्य म्हणून लिहायची तर काय काय घालावं लागेल? ‘द’ आणि ‘इज’ ती स्वतः शोधतात.

प्रश्न कसा बनतो

मराठी प्रश्नाला जागा हलवाव्या लागत नाहीत. ‘तू येतोस’ला ‘का’ जोडला की झालं. ‘कुठे’, ‘काय’, ‘कधी’ हे शब्दही उत्तराच्याच जागी बसतात : ‘तू दादरला जातोस’, ‘तू कुठे जातोस’. इंग्रजीत दोन हालचाली होतात. प्रश्नशब्द पुढे येतो आणि सहाय्यक क्रियापद (‘आर’, ‘कॅन’सारखं) कर्त्याच्या आधी जातं. मुलं पहिली हालचाल लवकर शिकतात, दुसरी राहते, म्हणून ‘व्हेअर यू आर गोइंग’.

वाक्यात सहाय्यक क्रियापदच नसेल तर? तेव्हा ‘डू’ येतं. त्याला स्वतःचा अर्थ नाही. जागा भरायची आणि काळ वाहून न्यायचा एवढंच त्याचं काम. इथून ‘डिड यू वेंट’ची चूक समजते. काळाची खूण वाक्यात एकदाच लागते. ती ‘डिड’ने घेतली, आता ‘गो’ मोकळं. मी मुलांना ‘डिड’ लिहिल्यावर पुढच्या क्रियापदाखाली रेघ मारून ते मूळ रूपात आहे का तपासायला लावते. आणि हे सगळं जमल्यावर मुलं ‘टेल मी व्हेअर इज ही’ लिहू लागतात, कारण आता त्यांना उलटवायची सवय झालेली असते. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उलटवायचं नाही, हे आठवीत सांगितलं तरी चालतं.

उच्चार : काय शिकवावं, काय सोडावं

हातात कागदाची पातळ पट्टी धरा, तोंडासमोर. ‘कार’ म्हणा, मग ‘खार’ म्हणा. ‘खार’ला पट्टी हलते. मराठीत क आणि ख हे दोन वर्ण आहेत, बदलले तर अर्थ बदलतो. अर्थ बदलू शकणाऱ्या अशा ध्वनीला स्वनिम म्हणतात. इंग्रजीतही दोन्ही ध्वनी उच्चारले जातात, पण तिथे ते एकाच स्वनिमाची दोन रूपं आहेत. शब्दाच्या सुरुवातीला जोर असलेला क हवा सोडत येतो, ‘स’नंतरचा क हवा न सोडता. म्हणून लंडनच्या माणसाने ‘कार’ म्हटलं की आपल्या कानाला वांद्र्याच्या पुढचं स्टेशन ऐकू येतं, पण ‘स्कूल’मध्ये तसं होत नाही. मुलांकडून हे करून घ्यायची गरज नाही. पण ऐकण्याच्या तासाला एखादी मुलगी ‘बाई, ती खार का म्हणते?’ विचारील तेव्हा तुमच्याकडे उत्तर असावं.

ज्यावर वेळ घालवायलाच हवा ती म्हणजे ‘शिप’ आणि ‘शीप’ची जोडी. आपल्या मराठी शब्दांत ऱ्हस्वदीर्घ बहुतेक जागेवरून ठरतं. वीट, पण विटेला. फूल, पण फुलाला. शेवटच्या अकारान्त अक्षराआधी दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व. अर्थ तोच राहतो. त्यामुळे एका अक्षराच्या इंग्रजी शब्दात आपली जीभ आपोआप दीर्घाकडे जाते आणि ‘आय लीव्ह इन परळ’ म्हणणारा मुलगा परळ सोडून निघालेला असतो. इंग्रजीत या दोन स्वरांनी अर्थ बदलतो, आणि फरक नुसत्या लांबीचा नाही, ऱ्हस्व इ म्हणताना जीभ सैल असते. लिव्ह, लीव्ह. फिल, फील. फुल, फूल. आधी नुसतं ऐकायला लावा. मी म्हणते, मुलं एक बोट किंवा दोन बोटं वर करतात. कान तयार झाल्याशिवाय तोंडाची घाई नको.

व्ही आणि डब्ल्यूसाठी आपल्या लेखनात सोय आधीच आहे : व्हॅन आणि वॉच, व्हीटी आणि वॉर्ड. ‘व्ह’ला वरचे दात खालच्या ओठावर, ‘व’ला ओठांचा चंबू. भूतकाळाच्या ‘ईडी’चे तीन उच्चार (वॉक्ट, प्लेड, वॉन्टेड) हे ओरडून पाठ करण्यापेक्षा ‘एक गाडी’ भरभर म्हणायला लावा. ‘एग्गाडी’ होतं. शेजारचा ध्वनी शेजाऱ्याला बदलतो, ‘वॉक’च्या क्-पुढे ड्-चा ट् होतो तो त्याच ओढीने, फक्त उलट्या दिशेने. शब्दावरच्या आघाताबद्दल सातवीपर्यंत मी फारसं बोलत नाही. नाम असताना ‘प्रेझेंट’च्या पहिल्या भागावर जोर आणि क्रियापद असताना दुसऱ्या, एवढं पुरे.

सगळे मराठी बोलणारे नसतात

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषा माध्यमांतून चालतात, आणि मराठी माध्यमाच्या वर्गातही घरची भाषा मराठीच असेल याची खात्री नसते. भोजपुरी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातलं मूल ‘इस्कूल’ म्हणालं तर तो आळस नव्हे. शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर फोडायला त्याची भाषा आधी एक स्वर घालते. कानडी घरातल्या मुलाला ‘ने’ची अडचण समजणार नाही, कारण त्याच्या भाषेत क्रियापद भूतकाळातही कर्त्याशीच जुळतं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला घरी कोणती भाषा बोलता ते विचारून हजेरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

किती गोल करायचे

भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७मध्ये एक भेद मांडला, तो वही तपासताना रोज कामी येतो. घाईत झालेली चूक मुलाला दाखवली की ते स्वतः सुधारतं. नियमच वेगळा धरल्याने होणारी चूक दाखवूनही त्याला दिसत नाही. पहिलीखाली नुसतं टिंब द्या. दुसरी शिकवा. लॅरी सेलिंकर यांनी १९७२मध्ये शिकणाऱ्याच्या या मधल्या अवस्थेतल्या भाषेला इंटरलँग्वेज म्हटलं, म्हणजे ना पूर्ण मराठी, ना पूर्ण इंग्रजी, पण स्वतःचे नियम असलेली. ‘चाइल्ड्स’ किंवा ‘गोड’ हा ‘गो’चा घरगुती भूतकाळ दिसला तर मला बरं वाटतं. त्या मुलाला अनेकवचनाचा आणि भूतकाळाचा नियम समजलेला आहे. अपवाद येतील मागाहून.

‘आय ॲम इन दादर ओन्ली’ हा आपला ‘च’ आहे. बोलताना तो मी अडवत नाही, पेपरात लिहिला तर अडवते, आणि दोन्हींचं कारण मुलांना सांगते. एका निबंधात एकाच प्रकारची चूक तपासायची, बाकीच्यांना त्या दिवशी हात लावायचा नाही. पालक सभेला ‘वहीत चुका तशाच सोडल्यात’ अशी तक्रार येते. तेव्हा मुलाची जूनची वही आणि आत्ताची वही शेजारी ठेवायची.

क्रम माझा असा असतो : जूनपासून ‘आहे’ आणि ‘मला’, गणपतीच्या सुट्टीनंतर प्रश्न, दिवाळीनंतर टु-इन-ॲट आणि फॉर-सिन्स. आर्टिकल्स सगळ्यांत शेवटी. पाचवीच्या वहीत ‘आय सॉ डॉग’ दिसलं तर मी पान उलटते.